काउंटरवरचा चेहरा

विमानतळावर नोकरी केलेल्या बाईकडे विमानांचे किस्से असणार, असं लोकांना वाटतं. माझ्याकडे सगळे चेहऱ्यांचे आहेत. नव्वदच्या दशकात लखनौच्या अमौसी विमानतळावर मी एका एअरलाइनच्या चेक-इन काउंटरवर होते. स्टाफरूममध्ये आरसा एक आणि बायका पाच. किस्से साठणारच!

*

ड्यूटीआधी आमच्या सुपरवायझर सक्सेना मॅडम ग्रूमिंग तपासायच्या. हनुवटी धरून चेहरा ट्यूबलाइटकडे वळवायच्या, मंडईत वांगं फिरवून बघावं तसा. एकदा मला म्हणाल्या, "रात को सोई नहीं?"

म्हटलं, "मॅडम, बेटे को बुखार था."

"तो ये पैसेंजर को बताओगी?"

*

शेजारच्या काउंटरवर शोभाताई. मूळच्या नागपूरच्या, नवरा रेल्वेत इंजिनिअर. चाळिशी आली आणि त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याशी युद्धच पुकारलं. सकाळ-दुपार साबण, संध्याकाळी बेसन, वर लिंबू. आणि मे महिन्यात प्रवाशांना विमानापर्यंत सोडायला मात्र उघड्या डोक्यानं!

निशातगंजच्या त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "चेहरा धोती हैं या कढ़ाई माँजती हैं?" मग सांगितलं, दोनदाच धुवा, तेही सौम्य साबणानं. ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. दिवसा सनस्क्रीन आणि छत्री, कारण वयापेक्षा ऊन जास्त सुरकुत्या पाडतं.

शोभाताई बाहेर येऊन करवादल्या, "एवढा शिकला मेला आणि सांगितली काय, तर छत्री!"

*

जानेवारीत धुक्यानं विमानं अडकली. एका वैतागलेल्या तरुणानं मला "मैडम" म्हटलं आणि शोभाताईंना "माताजी". आम्ही दोघी एकाच वयाच्या! सक्सेना मॅडमनी नेमकं ऐकलं. "शोभा, ऐसे ही चला तो कार्गो में बैठना पड़ेगा."

शोभाताई हसल्या आणि बाथरूममध्ये जाऊन रडल्या. काउंटर म्हणजे त्यांचा जीव होता. म्हणाल्या, "अगं, घरी मला नावानं हाक मारणारं कुणी नाही. इथं निदान छातीवर नाव लावून उभी असते."

*

त्याच आठवड्यात त्यांनी अमीनाबादहून एक ट्यूब आणली. दुकानदार म्हणाला होता, "डॉक्टर लोग लिखते हैं." शोभाताई बघता बघता अशा उजळल्या की आरशापुढं रांग लागली. ट्यूब हातोहाती फिरली. सक्सेना मॅडमनी तर स्वतःसाठी वेगळी मागवली!

होळीपर्यंत शोभाताईंचे गाल लालभडक झाले. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात, आणि उन्हात पाऊल टाकलं की आग. डॉक्टरांनी ट्यूब बघून कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं. "ये खुजली की दवा है, वो भी थोड़े दिन की. चेहरे पर लगाने को किसने कहा?"

"सबने," शोभाताई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी सक्सेना मॅडमनी त्यांना कार्गोत पाठवलं. मला त्या बाईचा इतका संताप आला की आठवडाभर मी तिला गुड मॉर्निंगसुद्धा म्हटलं नाही.

*

कार्गो म्हणजे मागची पत्र्याची शेड. आंब्याच्या पेट्या, मशीनचे सुटे भाग आणि अधूनमधून शवपेटी. एकदा एक मराठी मुलगा आईला पुण्याला न्यायला आला. कागद होईपर्यंत रडत बसला होता. सह्या करता करता त्यानं मान वर केली आणि दचकला. "ताई, तुमच्या चेहऱ्याला काय झालं?"

"काउंटर," शोभाताई म्हणाल्या.

*

पुढच्या हिवाळ्यात मी कार्गोत शोभाताईंकडे डबा खायला गेले होते. चेहरा पुष्कळ निवला होता. पूर्वीसारखा नाही, पण त्यांचा वाटावा इतका. एवढ्यात सक्सेना मॅडम आल्या, पदर नाकापर्यंत घेऊन.

"शोभा, कल से काउंटर तुम सँभालो. साहब का ऑर्डर है."

"और आप?"

"मैं यहाँ."

"क्यों?"

मॅडमनी पदर खाली केला.

तसेच लालभडक गाल. मला वाटलं, शोभाताई आता ऐकवतात चांगलं! मी तर डबाच बंद केला. पण त्या उठल्या, आपली खुर्ची मॅडमपुढं सरकवली आणि म्हणाल्या, "बैठिए. और ट्यूब एकदम से मत छोड़िएगा. बहुत जलता है."