लालीबाईंचा डावा दंड

वर्षा राठोड आमच्या गावच्या डायलिसिस केंद्रात नव्या रुग्णांना समजावण्याचं, धीर देण्याचं काम करते. वय एकतीस. मी दर गुरुवारी तिथे पेपर वाचून दाखवायला जाते, पण तिला सलग पाच मिनिटं बसलेली पाहिलेली नाही.

आठ ऑगस्टला तिच्या येरझारा जास्तच होत्या. दिग्रसजवळच्या तांड्यावरच्या लालीबाईंचं डायलिसिस मानेतल्या नळीतून सुरू होतं. नळी फार दिवस राहिली तर जंतुसंसर्गाची भीती. म्हणून डाव्या दंडात शस्त्रक्रिया करून सुयांसाठी कायमची जागा करायची होती. पण दंडभर पांढऱ्या बलिया, म्हणजे घट्ट बसलेल्या बांगड्या होत्या. बंजारा बाई त्या नवरा गेल्यावरच उतरवते.

वर्षा स्वतः तांड्यातली. तिला हे ठाऊक होतं. तरी डॉक्टर हात तपासायला खोळंबलेत म्हणून तिने न विचारताच साबण लावून पहिली बलिया ओढली.

"माहा धनी बाहेर बसला हाय, जिता!" लालीबाई ओरडल्या आणि तडक एसटीने घरी गेल्या.

पुढच्या दोन डायलिसिसला त्या आल्या नाहीत. फोन कोणी उचलेना. रविवारी वर्षा स्कूटीवर तांड्यावर पोचली. लालीबाईंचे पाय सुजलेले, धाप लागलेली. त्यांनी तोंड फिरवलं.

शंकरसिंग, त्यांचे यजमान, म्हणाले, "माह्या मरणाची तुले लय घाई झाली व्हती, पोरी?"

"चुकलं काका. याडीले अगुदर विचारायले पाह्यजे व्हतं." तांड्यात आईला याडी म्हणतात. "पण उद्या तिनं यायलेच पाह्यजे."

म्हातारा उठून दाराशी गेला. मग त्याने शेजारच्या बायांना हाका मारून अंगणात बसवलं.

"नीट पाहून घ्या. मी जिता हाव आन् मीच काढून राह्यलो. मागून कोणी रडाले येऊ नका."

तेल लावून तो एकेक बलिया सरकवू लागला.

"हळू! लग्नापासून कधी हात धरला नाही, आज वढून राह्यले," लालीबाई करवादल्या. बाया हसल्या.

सोमवारी डायलिसिस झालं, सव्वीस तारखेला शस्त्रक्रिया. त्या हातात सुया टोचता यायला अजून सहा आठवडे. तोवर मानेतली नळीच. आज गुरुवारी वर्षाने लालीबाईंचा ताप तीनदा मोजला.

"आता बस ना वं," लालीबाई म्हणाल्या.

ती चौथ्यांदा मोजायला उठलीच.