थोरलीचे वकील

संध्याकाळी साडेसातला अर्धं उदगीर धाकटीसाठी डोळ्यांना पदर लावत असे, तेव्हा थोरलीच्या बाजूनं बोलणारा गावात एकच माणूस होता. माझे आप्पामामा. धाकटी आणि थोरली म्हणजे टीव्हीवरच्या एका मालिकेतल्या दोन जावा. मालिकेत त्यांना चांगली लांबलचक नावं होती. पण आप्पा आणि मामी त्यांना कधी नावानं ओळखत नसत. धाकटी सोसायची, थोरली छळायची. थोरलीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. ती पडद्यावर आली की पाठीमागे ढोल वाजायचे. आप्पा म्हणायचे, "विष कालवायचं म्हटलं तरी दूध तीच तापवून राहिली. बाकीचे समदे सोफ्यावर बसून हायेत. घर कोण चालवतंय सांगा की!"

गल्लीतल्या बायकांनी त्यांचं नाव 'थोरलीचे वकील' ठेवलं होतं. ते आप्पांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

आप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. आमच्याकडे लग्नात भांडं दिलं तर त्यावर नाव घातल्याशिवाय ते दिल्यासारखं होत नाही. कुणास दिलं, कुणाकडून दिलं, सगळं स्टीलवर बारीक ठिपक्यांनी उमटलं पाहिजे. हे काम आप्पा नोकराला देत नसत. नाव घालायची विजेची पेन्सिल हातात धरून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ते घर्र घर्र करत बसायचे. मात्र सात वाजले की ठिपका अर्धवट सोडून उठायचे. "मालिका बघायला निघाले का?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "छे! बायकांच्या मालिका कोण बघतंय? मी जेवायला चाललो." जेवण आठनंतर असायचं, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

घरी दोन खुर्च्या मांडलेल्या असायच्या. मामी बिदरकडच्या. बोलायच्या कमी, पण त्या अर्ध्या तासात त्यांच्या अंगात काही वेगळंच यायचं.

"ती रडून राहिली न्हवं? दिसत न्हाई का तुम्हाला?"

"रडण्यानं घर चालत असतं तर आपण दुकानात भांडी कशाला विकली असती? रडून दिलं असतं."

"रडते म्हणजे काय दुबळी हाय का? डोळे पुसून पुन्हा भाकरी थापायला बसते. तुमची थोरली बसंल का?"

"थोरलीला बसायला वेळ हाय का? तिच्यामागं कारस्थानं लई."

हे असं जाहिरातींच्या वेळेत चालायचं. आवाज इतका चढायचा, की एकदा शेजारच्या काकू वाटी मागायच्या निमित्तानं सोडवायला आल्या आणि तिथंच बसून मामींच्या बाजूनं भांडायला लागल्या. शेवटी मामी कानडीत जायच्या. "सुम्म कूडरी!" म्हणायच्या. म्हणजे, गप बसा. मग आप्पा लगेच गप बसायचे. मांडीवर हात ठेवून, निकाल मान्य असल्यासारखे. मात्र चेहऱ्यावरून वाटायचं, की दिवसभर ते या दोन शब्दांचीच वाट पाहत होते.

यामागची एक गोष्ट मला आईनं सांगितली होती. आई म्हणजे आप्पांची बहीण. मामी त्या घरात धाकटी सून म्हणून आल्या, तेव्हा घरात थोरल्या मामींचं राज्य होतं. तिथं विष वगैरे काही नव्हतं, ढोलही वाजत नव्हते. पण चूल कुणाची, पाणी कुणाचं, आणि जेवायला शेवटी कोण, हे ठरलेलं होतं. आप्पा तेव्हा काय करायचे, असं मी आईला विचारलं. आई म्हणाली, "काय करणार? जेवून दुकानात जायचे."

मालिकेत एकदा धाकटीला घराबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मामी कधी नव्हे त्या दुकानात आल्या आणि एक झाकणाचा डबा उचलून आप्पांपुढे ठेवला. "नाव घाला. पोरगी रिकाम्या हातानं नवी चूल मांडून राहिली."

"अगं, पोचवायचा कुणी? टीव्हीत घालू का मागल्या बाजूनं?"

"ते माझं मी बघते. तुम्ही नाव घाला."

आप्पांनी घातलं. गिऱ्हाईक हसत होतं, नोकर हसत होता, तेव्हा आप्पांनाही लहर आली. त्यांनी लिहिलं: 'चि. सौ. धाकटीस, थोरलीकडून.' मामींनी ते घरी जाऊन वाचलं. त्यानंतर बरेच दिवस त्या आप्पांशी फक्त मालिकेपुरत्या बोलत होत्या. डबा मात्र त्यांनी टाकला नाही. त्यात शेंगदाण्याची चटणी भरायच्या आणि फळीवर ठेवताना नावाची बाजू भिंतीकडे करायच्या.

मग मामी गेल्या. फार आजारी पडल्या नाहीत; कुणाला उठबस करायला लावायची नाही, हा त्यांचा जुना हट्ट. मुलगा शिवू पुण्याहून आला, "आप्पा, चला माझ्याकडं," म्हणाला. आप्पांनी दुकानाचं कारण काढलं. शिवू गेला, पाहुणे गेले आणि एका संध्याकाळी मला लातूरला फोन आला.

"भाच्या, बघितलं का आज? थोरलीनं काय चुकीचं केलं सांग."

आता माझी अडचण अशी, की मी मालिका बघत नाही. मी बातम्या लावतो आणि हवामान येईपर्यंत झोपतो. शिवाय मी जन्माचा होयबा. लग्नात पंगतीला वाढपी "अजून?" म्हणाला तरी मला नाही म्हणता येत नाही, आणि त्याचे परिणाम माझ्या शर्टाच्या बटणांवर दिसतात. मी म्हणालो, "काही चुकलं नाही, आप्पा."

"बरं," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या हिला, सुनंदाला, ते माझ्याआधी कळलं. "अहो, त्यांना हो म्हणणारा नकोय," ती म्हणाली. "भांडा की जरा. माझ्याशी तरी कुठं भांडता म्हणा!"

तेव्हा मी धाकटीची बाजू घ्यायची ठरवली. मालिका न बघताच. म्हणालो, "आप्पा, धाकटीनं आज तरी तोंड उघडायला पाहिजे होतं."

"बेशुद्ध हाय रे ती! दवाखान्यात. नळ्या लावल्यात. तोंड काय उघडंल?"

पण ते हसले. मामी गेल्यानंतर पहिल्यांदा. त्या दिवसापासून मी साडेसातला सुनंदाशेजारी बसायला लागलो आणि आठ वाजता फोनवर भांडायला. जमायचं नाही. माझं भांडण म्हणजे कॉलेजातल्या मास्तरचं उत्तर. एकीकडे असं, दुसरीकडे तसं. आप्पा कंटाळायचे. एकदा म्हणाले, "शिवू फोनवर 'हो आप्पा' म्हणतो. नोकर 'हो मालक' म्हणतो. भिंतीला बोललो तर ती बी न्हाई म्हणत न्हाई. लई हो झालं रे घरात."

एका संध्याकाळी माझं डोकं दुखत होतं. आप्पांनी थोरलीची बाजू मांडली आणि मी दमून म्हणून टाकलं, "बरोबर आहे, आप्पा. थोरलीचंच बरोबर. धाकटी नुसती रडते."

मला वाटलं, फोन ठेवतील. पण पलीकडून वेगळाच आवाज आला. "रडते म्हणजे काय दुबळी हाय का? डोळे पुसून पुन्हा भाकरी थापायला बसते न्हवं?"

शब्द मामींचे होते. 'बसते न्हवं'चा हेलसुद्धा मामींचा होता.

त्या दिवसापासून आमची अदलाबदल झाली. मी थोरलीचा वकील झालो आणि आप्पा धाकटीचे. ते मामींचं एकेक वाक्य काढायचे, फळीवरून जपून भांडं काढावं तसं. मी मुद्दाम थोरलीची तरफदारी करायचो आणि मला ते जमायला लागलं. आयुष्यात मी इतकं ठाम कधी बोललो नव्हतो. एकदा मी फारच पेटलो, तर आप्पा म्हणाले, "सुम्म कूडरी!"

मग ते हळू आवाजात म्हणाले, "तिच्या बाजूनं घरातलं कुणीतरी एकदा बोलायला पाहिजे होतं रे. तवाच." मालिकेत त्या दिवशी धाकटी दिसलीही नव्हती.

सगळ्या मालिका संपतात तशी तीही संपली. शेवटच्या भागात थोरलीला पश्चात्ताप झाला, तिनं किल्ल्यांचा जुडगा धाकटीच्या हातात दिला आणि सगळे फोटोला उभे राहिले. मी फोन केला तेव्हा आप्पा म्हणाले, "मिटलं म्हणं सगळं. टीव्हीत मिटतंय बाबा." त्याच वेळेला दुसरी मालिका सुरू झाली, पण ती त्यांनी बघितली नाही. म्हणाले, "त्या घरात आपल्या वळखीचं कुणी न्हाई."

पाऊसकाळ सरल्यावर त्यांनी दुकान विकलं आणि पुण्याला जायला तयार झाले. आवराआवर करायला मी उदगीरला गेलो. दोन्ही खुर्च्या तशाच टीव्हीपुढे होत्या. एकीवर घडी घातलेली शाल होती. आप्पांनी फळीवरून तो डबा काढून माझ्या हातात दिला. मी तो फिरवून बघितला. 'थोरलीकडून' या शब्दावर आडव्यातिडव्या रेघांचं जाळं होतं. पेन्सिल पुन्हा पुन्हा चालवलेली. तरीही ते वाचता येत होतंच.

"स्टीलवरचं जात न्हाई," आप्पा म्हणाले. "बघितलं करून."

पुण्याहून त्यांचा फोन कमी यायला लागला. मीच करायचो. शिवूच्या घरात सगळे चांगले होते, टीव्ही भिंतीएवढा होता आणि प्रत्येकाला आपापली खोली होती. आप्पा प्रकृतीचं सांगायचे, हवेचं सांगायचे. एकदा मला राहवलं नाही. त्यांना जागं करावं म्हणून मी जुनं भांडण उकरून काढलं. "आप्पा, मी अजून सांगतो, चूक धाकटीचीच होती. थोरलीसारखी बाई होती म्हणून ते घर टिकलं."

मी वाट बघत राहिलो. मामींचं एखादं वाक्य येईल. निदान ते दोन कानडी शब्द तरी येतील.

"असंल बाबा," आप्पा म्हणाले. "तुझंच बरोबर असंल."

मी आयुष्यात जिंकलेलं ते एकमेव भांडण. त्यानंतर थोड्याच दिवसांत शिवूचा फोन आला. त्याला काय सांगायचं आहे, ते मला त्या संध्याकाळीच कळून चुकलं होतं.

डबा आमच्या स्वयंपाकघरात आहे. त्यात चटणीच असते. सुनंदा पुसून ठेवताना नाव पुढे करून ठेवते आणि मी येता-जाता ते भिंतीकडे करतो. साडेसातला ती नवी मालिका बघते. तिच्यात एक नवी सासू आहे, जहांबाज. ती आली की ढोल वाजतात. मी पेपरातून डोकं वर काढून म्हणतो, "काही म्हण, घर तीच चालवतेय."

"गप बसा हो तुम्ही," सुनंदा म्हणते.

मी मांडीवर हात ठेवतो आणि गप बसतो.