कूलरच्या टाकीतला बेडूक

जुलै लागला, कूलर बंद झाला, पण त्याच्या टाकीतलं पाणी काढायचं राहून गेलं. इंद्रपुरीजवळच्या, बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तो मागच्या खिडकीला बसवलेला होता. पाणी हिरवं झालं, कूलरच्या जाळ्यांतलं गवत कुजलं आणि त्यात एक बेडूक येऊन राहिला. त्याच्या पाठीवर कावळ्यानं टोचल्याची चांगली बोटभर जखम होती.

रविवारी बाबा पंप काढायला गेले आणि पत्र्यानं त्यांचं बोट कापलं. बुधवारपर्यंत बोट टम्म सुजलं, पू झाला. कॉलनीच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन ते घरी बसले. मी तेव्हा अकरावीत होते. मनात आलं, बेडूक तर त्याच पाण्यात आहे, त्याचं काय झालं असेल?

जाऊन बघितलं. जखम कोरडी, कडा जवळ आलेल्या. पू नाही, काही नाही.

"बाबांना सुई लागते आणि याला घाण मानवते!" आई म्हणाली. "आता तरी ती टाकी उपसा."

"आठ दिवस थांब ना," मी म्हटलं. तिनं चारच दिले. मी रोज वहीत जखमेचं चित्र काढलं. चौथ्या दिवशी तिथे फक्त एक फिकट रेघ उरली होती. मग बेडकाला बादलीतून नाल्यापाशी सोडलं आणि टाकी घासली.

वही घेऊन मी पुढच्या गल्लीतल्या काकूंकडे गेले. शाळेत त्या आम्हाला बायॉलॉजी शिकवायच्या. त्यांनी सगळी चित्रं नीट पाहिली.

"काकू, जखम का चिघळली नाही?"

"मला ठाऊक नाही गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं बेडूक फाडून दाखवतेय, पण त्याची कातडी आम्ही सगळ्यात आधी सोलून बाजूला टाकतो. तिच्याकडे कधी बघितलंच नाही."

बाईंना एखादी गोष्ट माहीत नसते, याचं मला फार नवल वाटलं. थोडा आनंदही झाला.

एम.एस्सी.ला असताना लायब्ररीत एक लेख हाती लागला. कुणा संशोधकालाही हाच प्रश्न पडला होता. बेडकाच्या कातडीत प्रथिनांचे बारीक तुकडे, पेप्टाइड, असतात आणि ते जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतात, असं त्यात लिहिलं होतं. मी झेरॉक्स काढली आणि थेट कोटरा सुल्तानाबादला गेले. निवृत्तीनंतर काकू तिथे राहायला गेल्या होत्या.

त्यांनी चष्मा लावून लेख दोनदा वाचला. मग पेन्सिल मागितली.

"जंतूंना भोकं पाडतात, मग बेडकाच्या स्वतःच्या पेशींना का नाही पाडत?"

मी लेखात पुन्हा शोधलं. जंतूंच्या आवरणावरचा विद्युतभार वेगळा असतो, असं एक वाक्य सापडलं. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना. आम्ही जेवण विसरून कागदावर आवरणांची चित्रं काढत बसलो.