पाच पिढ्यांची वाइन

आमच्या बांधाला बांध असलेले हे शेजारी पूर्वी बशीत ओतून चहा पीत. मंद्रूपच्या माळावर त्यांनी ‘पारंपरिक वाइन इस्टेट’ काढली, तेव्हापासून ते चहाचा कपही गोल फिरवून आधी वास घेतात. पुण्याच्या पाहुण्यांशी पुस्तकी मराठीत बोलता बोलता मधेच गड्याला ओरडतात, “आरं, पाणी कुटं सोडलंस?”

“ही पाच पिढ्यांची परंपरा आहे,” असं ते सांगतात. परवापरवापर्यंत तिथं नुसती कुसळं होती. तरी मी मान डोलावतो, कारण नंतर जेवण असतं.

परंपरा भिंतीवर दिसावी म्हणून त्यांनी वडिलांचा तरुणपणीचा फेट्यातला फोटो लावला आणि त्याला चंदनाचा हार घातला. वडील वळसंगला धाकट्या मुलाकडे ठणठणीत होते.

गेल्या रविवारी वडील न कळवता इस्टेटीवर आले. पाहुणे ग्लास धरून फोटोपुढं गंभीर उभे होते. म्हाताऱ्यानं चष्मा पुसून हार न्याहाळला आणि लेकालाच विचारलं, “कवा वारले?”

शेजाऱ्यांनी पाहुण्यांकडं पाहिलं. “बरीच वर्षं झाली,” ते पुस्तकी मराठीत म्हणाले.

“आसं व्हय,” म्हातारा म्हणाला. “जमीन तर अजून त्येंच्याच नावावर हाय की.”