शेख मास्तरांचं कोरडं तबक

सोलापूरहून परतताना कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सांगितलं, "गुरुजी, तुमचे शेख मास्तर सकाळी गेले की वो." नळदुर्ग येईपर्यंत मी ते तिकीट मुठीत धरून बसलो होतो. पोचलो तर दफन उरकलं होतं. शेवटची मूठभर माती द्यायचीही राहून गेली, याचा राग अजून आहे. कुणावर काढावा, ते कळत नाही.

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. निजामाच्या अमदानीत दोघंही उर्दूतून. विलीनीकरणानंतर शाळा मराठी झाली. माझं निभावलं, मास्तरांची मात्र पंचाईत झाली. तपासनिसापुढं मराठीतून पाठ घ्यायचा, जमला तरच नोकरी राहणार. आणि धडा कुठला वाट्याला यावा, तर 'आपली संस्कृती'! शाळेच्या ओट्यावर बसून मी त्यांच्याकडून व्याख्या घोटून घ्यायचो. ते वैतागायचे. "अण्णा, तहजीब म्हटलं की मला माझे अब्बा दिसतात. संस्कृती म्हटलं की नुसता फळा दिसतो."

पाठाच्या दिवशी व्याख्या फळ्यावर उतरली आणि पुढं गाडी अडली. मी मागच्या बाकावर जीव मुठीत धरून बसलेलो... घाम पुसत त्यांनी पोरांना विचारलं, "घरी पाव्हणा आला तर काय देता?"

"गूळ-पाणी!"

"आणि त्याला गूळ चालत नसंल तर?" मास्तरांनी खडू खाली ठेवला. "तर अगोदर इचारायचं. दुसऱ्याला काय चालतं ते ध्यानात ठेवायचं. मी ह्याला संस्कृती म्हणतो. पुस्तकात लई मोठं लिवलंय, ते पण पाठ करा."

तपासनीस हसले. नोकरी राहिली. मला मात्र आमच्या घरी येणारं तबक आठवलं.

दर ईदला मास्तरांकडून कलई केलेलं एक तबक यायचं. आम्ही लिंगायत. माझी आई, आमची अव्वा, परक्या चुलीवरचं खात नसे. म्हणून तबकात सगळं कोरडं असायचं. शेवया, खारीक, खोबरं, चारोळी, साखर. दूध आमच्याच गवळ्याला परस्पर सांगितलेलं. अव्वा आपल्या चुलीवर खीर करायची आणि मास्तरांचं कौतुक करत वाढायची. ती गेल्यावर मी म्हणालो, "मास्तर, आता शिजवूनच पाठवा. मी खातो."

त्यांनी कान पकडले. "अव्वांची रीत हाय ती. तुम्ही कोण मोडणारे?"

भलताच हट्टी माणूस! त्यांच्या बायकोच्या, भाभींच्या हातचा शीरखुर्मा चाखायचं माझ्या मनातच राहिलं.

यंदाच्या ईदला त्यांचं दुःखाचं घर, तबक कुठून येणार? पण गेल्या ईदचं तबक आमच्याकडंच राहिलं होतं. बायकोनं ते घासूनपुसून भरलं, मी दूध गवळ्याला परस्पर सांगितलं आणि त्यांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो. भाभींनी रुमाल बाजूला केला आणि डोळे पुसता पुसता हसल्या. "अण्णा, सगळं कोरडंच? शिजवून आणायचं की! आमच्यात कुठं अडतंय?"

खरंच की. "मास्तरांची रीत हाय," एवढंच बोललो आणि तबक त्यांच्या हाती दिलं.

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळानं शीरखुर्म्याची वाफाळती वाटी माझ्यापुढं ठेवली. "आज खाऊन जावा. ते असते तर देऊ दिली नसती."

मी खाल्ली. पुन्हा मागून घेतली. तबक त्यांचं, तिथंच ठेवून निघालो. पुढच्या ईदला ते कोरडंच येणार, असं भाभींनी उंबऱ्यातूनच बजावलं.