सुतकाच्या कापडाला मारलेली गाठ

आधीच सांगते — भूतखेत, करणी, अंगात येणं, यातलं मी काहीही मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते, आजही नाही. मी बीएस्सी आहे, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं, म्हणून हे जरा ठासूनच सांगते. कुणाला गर्व वाटला तर वाटू दे. पुढे पस्तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलं. या सदरातले अनुभव वाचते आणि निम्म्यांचं उत्तर मला वाचतावाचताच सापडतं — वायरिंग, मांजर, नाहीतर ताप. स्वतःच्या अनुभवाचं मात्र सापडलेलं नाही... म्हणून लिहायला बसले.

आम्ही म्हैसूरचे. जातीने आणि धंद्याने रंगारी. पणजोबांच्याही आधी कधीतरी इकडे आलो, घरात मराठी बोलतो, पण माझी पुण्याची सून म्हणते, "आई, तुमची मराठी निम्मी कन्नडच आहे." असू दे. मंडी मोहल्ल्यात आमचं घर होतं. पुढे दुकान, मागे परसात रंगाच्या भट्ट्या आणि बांबूंवर वाळत घातलेलं कापड. गोष्ट सत्तरच्या दशकातली, राज्याचं नाव नुकतंच कर्नाटक झालं होतं तेव्हाची. मी नुकतीच पास झाले होते आणि नोकरी लागेपर्यंत अप्पांना — म्हणजे वडिलांना — दुकानात मदत करत होते.

आमची एक पद्धत समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. रंगायला आलेलं कापड कुणाचं, हे कागदावर लिहून उपयोग नसतो आणि शाई रंगात बुडून जाते. म्हणून रंगारी कापडाच्या कोपऱ्याला गाठ मारतो. एका गिऱ्हाइकाची एक गाठ, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याची पिळाची. रंगवून झाल्यावर गाठ सोडली की आत रंग पोचलेला नसतो, तिथे बोटाएवढं पांढरं कडं उरतं. पण सुतकाच्या कापडाला आमच्या घरी गाठ मारत नसत. ते एकटंच भट्टीत जायचं, बिनगाठीचं. का, असं मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "गाठीत मागे काहीतरी राहतं." अष्टे, एवढंच. याच्यापुढे कुणी काही सांगितलं नाही.

एके दिवशी रोजम्मा आली. मोठ्या चर्चच्या मागच्या गल्लीत राहायची, शिवणकाम करायची, नवरा कधीच वारलेला. तिचा एकुलता मुलगा अँथनी मित्रांबरोबर टी. नरसीपूरला गेला आणि नद्यांच्या संगमावर पाण्यात ओढला गेला. तिसऱ्या दिवशी सापडला. रोजम्माने पांढरी सुती साडी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली (ती कन्नडच बोलायची, मी मराठीत लिहिते), "काळी करून दे गं शांता. आमच्या घरात बारा महिने काळं नेसतात. मग पुन्हा पांढरं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "फार वाईट झालं."

"वाईट झालंच," ती म्हणाली. "पण संपलं नाही. मी त्याला पुन्हा भेटणार आहे."

असं म्हणाली, जसं आपण म्हणू की रविवारी बहिणीकडे जाणार आहे. अप्पा मागे उभे होते. त्यांच्या हातातली काठी भट्टीत तशीच थांबली.

का थांबली ते सांगते. दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण सुमी नऊ वर्षांची असताना तापाने गेली. त्या दिवशी लग्नाच्या ऑर्डरचं कापड भट्टीवर होतं. आई म्हणत होती दवाखान्यात न्या. अप्पा म्हणाले, उद्या सकाळी नेतो. सकाळपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून अप्पांचं जेवण तुटलं. सुमीचं नाव घेत नसत. एकदाच आईला म्हणाले होते, "तिला एकदा भेटून सांगायचंय मला. पण कुठे भेटणार? जळून गेलं लेकरू." मी शेजारीच होते, आणि मी शिकलेली, म्हणून म्हटलं, "अप्पा, मेल्यावर कुणी कुणाला भेटत नाही." माझ्या या वाक्याचा मला आजही राग येतो.

रोजम्माची साडी मीच रंगवली. आणि मी तिला गाठ मारली. अप्पा ओरडले, "अय्यो, सुतकाचं आहे ते!" मी म्हटलं, "आज भट्टीवर काळ्याच चार साड्या आहेत. ओळखायच्या कशा? गाठ मारल्याने काय होतं, मला सायन्सने सांगा." आई आतून म्हणाली, "बीएस्सी झाली म्हणजे हिला शिंगं फुटली." साडी लोखंडी कढईत गंधकाच्या काळ्या रंगात उकळली, बाहेर काढून हवेत धरली, काळी कुळकुळीत झाली. गाठ सोडली. आत चार आण्याच्या नाण्याएवढं पांढरं कडं. पदराच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाला दिसलंही नसतं.

महिन्याने, मुलाच्या कबरीवर फुलं ठेवून परत जाताना रोजम्मा दुकानात डोकावली. पदर उलटून दाखवला. कडं बशीएवढं झालं होतं.

"सोडा लावलात का? ब्लीच?" मी विचारलं.

"शिकेकाईशिवाय काही लावलं नाही."

मला माझ्या कामाची लाज वाटली. साडी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा रंगवली. या वेळी गाठ नाही, काही नाही. बांबूवर टाकली तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी होती, हे मी आणि अप्पा दोघांनी पाहिलं. आम्ही तिथेच सावलीत बसलो. ऊन असं की तासाभरात कापड कडक व्हावं. वारा बिलकुल नव्हता... आणि पदराच्या कोपऱ्यात तोच पांढरा डाग वर आला. आधीपेक्षा मोठा. थाळीएवढा.

अप्पा उठले, हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "शांते, इकडे ये."

बाकीची साडी खडखडीत वाळली होती. पांढरा भाग ओला होता. नुसता ओला नाही — गार. विहिरीच्या तळाला हात लागावा तसा. मी तो पिळला तर थेंबांबरोबर तळहातावर वाळूचे चार-पाच कण आले. बारीक, चमकणारी वाळू. नदीची असते तशी. आमच्या परसात लाल माती आहे हो.

मी एक पांढरा धागा काढून कॉलेजमध्ये नेला. आमचे डेमॉन्स्ट्रेटर ओळखीचे होते. क्लोरीनने रंग उडाला असता तर धागा कमकुवत झाला असता. तो नव्या सुतासारखा मजबूत होता. मायक्रोस्कोपखाली रंगाचा मागमूस नाही. ते म्हणाले, "हा धागा रंगात बुडालेलाच नाही, दुसऱ्याच कापडाचा घेऊन आलीस." मी भांडले नाही. काय भांडणार?

रोजम्माला सगळं सांगितलं. वाळूसुद्धा. मला वाटलं घाबरेल, पण ती पांढऱ्या भागावरून हात फिरवत राहिली — तापलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवतात तसा.

अप्पांनी विचारलं, "भीती वाटत नाही रोजम्मा?"

"कशाची अण्णा? ज्याने स्वतः थडग्यातून उठून दाखवलं, तो माझ्या पोराला पाण्यात ठेवेल? जगाच्या शेवटच्या दिवशी तो मेलेल्यांना उठवणार आहे. मी फक्त वाट बघते."

अप्पा खाली बघत म्हणाले, "आणि आमचं लेकरू? आम्ही तुमच्या देवाला मानत नाही. त्याला... चालेल?"

रोजम्मा म्हणाली, "मी काही पाद्री नाही, अण्णा. पण लहान मुलं त्याच्याकडे जायला लागली की तो कुणाची म्हणून विचारत नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे."

त्या दिवशी अप्पा दोन वर्षांनी पोटभर जेवले. आईने मला खूण करून ताट दाखवलं. मला आनंद झाला, पण साडीचा हिशेबही माझ्या लक्षात यायला लागला होता — अशीच वाढत गेली तर वर्षभरात ती पूर्ण पांढरी होणार.

दर महिन्याला रोजम्मा यायची. सहाव्या महिन्यात पदर पूर्ण पांढरा. नवव्या महिन्यात गुडघ्यापर्यंत. जेवढी साडी पांढरी होत होती तेवढी रोजम्मा वाळत चालली होती, आणि चेहरा मात्र उजळत होता. ती उठून गेली की बाकावर ओल राहायची. आई ती पुसायची नाही, मला सांगायची — "तू गाठ मारलीस, तूच पूस."

मी एकदा रोजम्माला सरळ म्हटलं, "ही साडी नेसू नका. दुसरी रंगवून देते, फुकट देते."

ती हसली. "बारा महिने म्हटलं होतं ना? आता मोडू काय मध्येच?"

शेवटचं पाहिलं तेव्हा फक्त एक वीतभर काठ काळा उरला होता. चार दिवसांनी, वर्ष भरलं त्या सकाळी, शेजारणीला ती खुर्चीत बसलेली सापडली. साडी संपूर्ण पांढरी आणि चिंब. घरातली जमीन कोरडी. शेजारीण आम्हाला सांगत होती, "चेहरा असा, की कुणीतरी दारात आलंय आणि ही उठणारच आहे." डॉक्टरांनी हार्ट म्हटलं. असेलही.

यानंतर एक दिवस अप्पा माझ्याकडे आले. हातात सुमीचा पांढरा फ्रॉक. "शांते, हा काळा करून दे. गाठ मार."

मी फ्रॉकला हात लावला नाही. "तुम्हीच मारा की."

"मारली. तीन कापडांना मारली. नुसतं कडं राहतं, वाढत नाही. तुझ्याच हाताची पाहिजे."

मी नाही म्हटलं. वर्षभरात बाप जाईल हे माहीत असून कुठली मुलगी हो म्हणेल? त्यांनी फ्रॉक पेटीत ठेवला. माझं लग्न झालं, नोकरी, मुलं... अकरा वर्षं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दुकानात कुणी ख्रिश्चन गिऱ्हाईक आलं की मात्र त्याला बसवून विचारायचे — "ते शेवटच्या दिवशी उठवण्याचं एकदा नीट सांगा हो." धर्म बदलला नाही, देवघरात रोज दिवा लावत राहिले. पण तेवढ्या एका गोष्टीला धरून ते जगले.

मग त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला आणि मी माहेरी येऊन राहिले. शेवटच्या दिवसांत ते घाबरायला लागले. भर दिवसा माझा हात घट्ट धरून म्हणायचे, "आणि नसलंच तर? काहीच नसलं तर? तिला सांगायचं राहून जाईल गं."

इथे मला एक लिहिलं पाहिजे, जे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सुमी गेली त्याच्या आदल्या रात्री तिला थर्मामीटर मी लावला होता. मी कॉलेजात शिकत होते, घरात माझा शब्द शेवटचा. 'साधा ताप आहे, सकाळी न्या' हे माझं वाक्य होतं. अप्पांनी ते आयुष्यभर स्वतःच्या नावावर घेतलं.

मी परसात गेले, आईला भट्टी पेटवायला सांगितली. फ्रॉकच्या घेराच्या कडेला गाठ मारली, काळा केला, गाठ सोडली. चार आण्याएवढं कडं. फ्रॉक अप्पांच्या हातात दिला.

या वेळी बारा महिने लागले नाहीत. पांढरा भाग रोज चार बोटं वाढला. आणि तो ओला नव्हता, गारही नव्हता. तो कढत होता. तापलेल्या अंगासारखा कढत — हात ठेववत नव्हता. अप्पा तो छातीशी धरून पडून असायचे, त्यांच्या कातडीला लाल चट्टे उठले, मी काढायला गेले की पोरासारखे रडायचे. बाप रे, काय केलं मी हे, असं मला रोज वाटायचं. सुमी अजून त्याच तापात आहे का? इतकी वर्षं?

अकराव्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला त्यांनी मला हाक मारली. आवाज स्वच्छ होता. फ्रॉकवर एकही काळा धागा उरला नव्हता.

"हात लाव," म्हणाले.

मी लावला. फ्रॉक थंडगार होता. कापड जरासं दमट — घाम येऊन गेल्यावर असतं तसं.

"ताप उतरला गं तिचा," अप्पा म्हणाले, आणि मग माझ्या मागे, दाराकडे बघत उठायला लागले.

त्यातच ते गेले. एवढंच झालं. वाळू, धागा, फ्रॉक, यातल्या कशाचंही उत्तर माझ्याकडे नाही. रोजम्माचं खरं होतं की माझी केमिस्ट्री कच्ची, हेही सांगू शकत नाही. बरं वाटतं एवढं खरं. आणि भीती वाटते तेही तेवढंच खरं. त्या दिवसापासून मी कापडाला गाठ मारलेली नाही. बटण लावलं तरी दोऱ्याची शेवटची गाठ सुनेकडून मारून घेते. ती हसते, म्हणते, आई, बीएस्सी ना तुम्ही?

फ्रॉक माझ्या पेटीत आहे. पांढराच आहे. मी गेल्यावर तो कुणी काळा करू नये, म्हणून हे लिहून ठेवलं... किंवा कुणीतरी करावा म्हणून. ते अजून माझं ठरत नाही.