पाण्यामागं चालणारी आवडाबाई

आसेगावच्या पलीकडं तलावाकाठी आवडाबाईचं घर. किन्हीराजाहून लग्न होऊन ती इथं आली, तेव्हा एवढं पाणी तिनं कधी पाहिलंच नव्हतं. नवरा नथ्थू हसून म्हणाला होता, "भेऊ नको व. दिवाळीनंतर हे पाणी मागं सरकते, अन् आपल्यासाठी वावर सोडून जाते."

तसंच झालं. पाणी हात-हात मागं जायचं, खाली काळाभोर गाळ उघडा पडायचा, आणि दोघं त्या ओल्या गाळात वाळूक, काकडी, टरबूज लावत पाण्याच्या मागं चालायची. जमीन सरकारची, पीक यांचं. नथ्थू गेला, सून सुचिता हाताशी आली, पण आवडाबाईचं पाण्यामागं चालणं सुटलं नाही. दुपारी ती काठावर बसली की डोळे अर्धवट मिटायचे. झोप म्हणावी तर झोप नाही, जागी म्हणावी तर जागी नाही. सुचिता हाक मारून दमायची.

मग ग्रामसभेत कळलं, तलावाचं सुशोभीकरण होणार. शेलूबाजारकडून मोठ्या रस्त्यानं पाहुणे येतील, बोटी चालतील, काठानं फिरायला फरशीची वाट होईल.

फाल्गुनात मोजणीला एक मुलगी आली. कृतिका तिचं नाव. वाशीमच्या कापडवाल्या माणिकचंदांची नात. तिनं खुंट्या ठोकल्या आणि चुन्याची रेघ ओढली. आवडाबाई बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिली.

"पोरी, इथून वाट काढून राह्यली का तू?"

"हो आजी. नकाशात ही जागा कोरडी आहे."

"नकाशा उन्हाळ्यात काढला असंन. भादव्यात इथं माह्या कमरेएवढं पाणी राह्यते. चाल, तुले दाखवतो."

वरच्या मुरमाड उंचवट्यापासून ती उतरू लागली, मागून कृतिका. इथं भादव्याचं पाणी. या बाभळीशी दिवाळीचं. त्या खडकाशी संक्रांतीचं. आवडाबाई अशी पावलं टाकत होती, की जणू पाणी अजून तिच्या घोट्याला लागतंय. कृतिकाही नकळत सलवार सावरत चालू लागली. मग स्वतःशीच हसली. खाली वेलांपाशी बसून दोघींनी वाळूक खाल्लं.

"लिहून देते मी," कृतिका म्हणाली. "पुढचं माझ्या हातात नाही."

तिनं लिहून दिलं. वरचे साहेब पाहून गेले, आणि वाट खरोखरच मुरमाड उंचवट्यावर सरकली. आवडाबाईनं त्या दिवशी पुरणपोळी केली.

पण बोटींना बारमाही पाणी हवं, हे तिच्या ध्यानात कुठून यावं? पाणी अडवून धरायला सांडव्याची भिंत उंचावली. पुढच्या वर्षी संक्रांत गेली, होळी गेली, आणि पाणी त्या खडकाशी आलं ते तिथंच थांबलं. आवडाबाई रोज सकाळी बियांची पुरचुंडी घेऊन काठावर उभी राहायची.

"मामी, आता नाही सरकणार ते," सुचिता एक दिवस हळूच म्हणाली.

"काहून नाही?"

 सुचितानं सासूच्या हातातली पुरचुंडी घेतली आणि वरच्या चिंचोळ्या पट्टीत आळी करायला बसली. थोड्या वेळानं आवडाबाईही तिच्या शेजारी बसली.

चैत्रात बोटी सुरू झाल्या. बोट चालवायला गावातलाच बादल, आधी जाळी टाकणारा. त्यानं हाक दिली, "काकू, बसा न. पहिली फेरी तुमची."

ती बसली. पाण्यावर ऊन सांडलं होतं आणि काठ दूर जात होता. खडक मागं पडला तसा तिनं बोटीबाहेर हात सोडला. खाली हिरवट अंधार. त्यात तिला ओळी दिसू लागल्या: वाळकाची, मग काकडीची, शेवटी टरबुजाची, आणि ओळींच्या टोकाशी पाठमोरा, वाकलेला नथ्थू.

"भेव लागून राह्यलं का, काकू?"

"नाही रे बाप्पा. हळू घे. इथं आमची टरबुजं होती."

बादलनं वल्ही उचलून धरली. बोट आपोआप तरंगत राहिली. काठावरून सुचिता हात हलवत होती. आवडाबाईला ती दिसली, पण ओला हात पाण्यातून काढायला तिला बराच वेळ लागला.